लाल रेघ आणि गप्प चूक (लेखांक ६)

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात २०२२ साली सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखला खरा की बनावट, हे कचेरीत खेटे न घालता तपासता यावं, हा हेतू. अशा कामासाठी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिला आणि साखळीवर चढवला, की तो सहसा दुरुस्त करता येत नाही. म्हणून तो कोणत्या कंपायलरने बांधला, याचं उत्तर आधीच पक्कं हवं.

इथेच नवशिके गोंधळतात. व्हीएस कोड या एडिटरमधलं सॉलिडिटीचं (स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याच्या भाषेचं) एक्स्टेन्शन स्वतःचा कंपायलर वापरतं, तर हार्डहॅट किंवा फाउंड्री ही बांधणीची टूल्स त्यांच्या कॉन्फिग फाइलमधला. फाइलच्या डोक्यावर कोणती आवृत्ती चालेल हे सांगणारी ‘प्रॅग्मा ०.८.१९’ ही ओळ असेल आणि एडिटरकडे त्याहून नवा कंपायलर असेल, तर पहिल्याच ओळीखाली लाल रेघ उमटते. टर्मिनलमध्ये मात्र सगळं सुरळीत कंपाइल होतं. मग ‘रेघेकडे लक्ष देऊ नकोस, खरं काम टूलच करतं’ असा सल्ला मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. साखळीवर टूलचाच कोड जातो, हे खरं. पण रोज खोटी रेघ पाहणारी नजर उद्या खरी रेघही सोडून देते.

शिवाय लाल रेघ हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण ती निदान दिसते. प्रॅग्मात ‘०.७.० पासून ०.९.० च्या आत’ अशी ऐसपैस मुभा दिली, की एडिटर ०.८ वर आणि टूल ०.७ वर असूनही दोघं गप्प बसतात. आठ बिटांच्या आकड्यात २५५ मध्ये १ मिळवा: ०.७ निमूटपणे शून्य देतो, ०.८ व्यवहारच उलटवतो. लिहिणारा एक नियम गृहीत धरतो, साखळीवर दुसराच चालतो. हे मला सर्वांत घातक वाटतं.

‘नव्या आवृत्तीत जुने दोष दुरुस्त होतात, मग आवृत्तीचा आकडा का बांधून ठेवायचा?’ हा आक्षेप रास्त आहे. आवृत्ती जरूर वाढवावी, पण ठरवून आणि चाचण्या पुन्हा चालवून. मे २०२३ मधल्या ०.८.२० या आवृत्तीने ‘पुश-झीरो’ ही नवी आज्ञा आपणहून वापरायला सुरुवात केली. तेव्हा अनेक साखळ्यांना ती ठाऊकच नव्हती. तिथे कॉन्ट्रॅक्ट चढेना. तो नवा कंपायलर कुणी मुद्दाम निवडला नव्हता, आपोआप आला होता.

कोड कोणत्या आवृत्तीने बांधला, हे नंतरही कळतं: कंपायलरने तयार केलेल्या बाइटकोडचं शेपूट पाहा. नेहमीच्या मांडणीत तिथे ‘०००८१३’ असे अंक सापडतात. षोडशमानातले १३ म्हणजे आपले १९, अर्थात आवृत्ती ०.८.१९. इथरस्कॅनवर कोड पडताळताना हीच आवृत्ती आणि ऑप्टिमायझरची तीच सेटिंग द्यावी लागते, नाहीतर कोड जुळत नाही.

तेव्हा आकडा प्रकल्पाच्या कॉन्फिगमध्ये नेमका लिहावा, प्रॅग्मातही तोच, आणि एडिटरची सेटिंग प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवून कोडसोबत गिटमध्ये टाकावी. मग कौंडण्यपुरात वर्धेकाठी बसलेली मुलगी आणि पुण्यातला तिचा सहकारी, दोघांच्या पडद्यावर एकच कंपायलर बोलतो.