ओआरएम प्रणालीत मूळ नोंद वगळताना : आश्रित नोंदींचा प्रश्न

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या डेटाबेसमध्ये विद्यार्थ्यांचा एक तक्ता व गुणांचा दुसरा तक्ता असतो. गुणांच्या प्रत्येक नोंदीत विद्यार्थ्याचा क्रमांक असतो. त्या तक्त्यातील हा क्रमांक म्हणजे फॉरेन की होय. विद्यार्थ्याची मूळ नोंद वगळल्यास तिच्यावर अवलंबून असलेल्या गुणांच्या नोंदींचे काय व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डेटाबेसचे नियम :
१९९२ च्या एसक्यूएल मानकात यासाठी चार पर्याय दिले आहेत. 'नो ॲक्शन'मध्ये आश्रित नोंदी असेपर्यंत मूळ नोंद वगळता येत नाही. 'कॅस्केड'मध्ये आश्रित नोंदीही नष्ट होतात. 'सेट नल'मध्ये फॉरेन की रिक्त होते, तर 'सेट डिफॉल्ट'मध्ये तिला पूर्वनिश्चित मूल्य मिळते.

ओआरएमची भूमिका :
ओआरएममुळे प्रोग्रामर तक्त्यांऐवजी ऑब्जेक्टच्या भाषेत विचार करतो. येथेच संभ्रम निर्माण होतो. जावाच्या जेपीए मानकातील 'कॅस्केडटाइप रिमूव्ह' हा नियम ओआरएम स्तरावरचा आहे. एकेक ऑब्जेक्ट वगळताना तो पाळला जातो. परंतु एकाच क्वेरीने अनेक नोंदी वगळल्यास तो लागू होत नाही. अशा वेळी डेटाबेसमध्ये फॉरेन कीचे बंधन असेल, तर 'नो ॲक्शन'नुसार क्वेरी नाकारली जाते. बंधनच नसेल, तर आश्रित नोंदी निराधार राहतात व चूक लक्षातही येत नाही. जँगोमध्ये 'ऑन डिलीट' हा पर्याय पूर्वी न लिहिल्यास 'कॅस्केड' गृहीत धरला जाई. २०१७ मधील २.० आवृत्तीपासून तो स्पष्टपणे लिहिणे बंधनकारक झाले.

पर्यायाची निवड :
निवड सोयीनुसार नव्हे, तर नात्याच्या अर्थानुसार व्हावी. विद्यार्थ्याचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याविना निरर्थक आहे. तेथे 'कॅस्केड' योग्य ठरतो. प्रकल्प मार्गदर्शकाची नोंद वगळली, तरी प्रकल्प उरतो. तेथे 'सेट नल' चालेल, मात्र त्या स्तंभात रिक्त मूल्याची मुभा हवी. गुण हा परीक्षेचा पुरावा आहे. तेथे मूळ नोंद वगळण्यासच प्रतिबंध हवा. विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेल्यास त्याची नोंद 'निष्क्रिय' करणे पुरेसे असते.

समारोप :
ओआरएममधील नियम डेटाबेसमधील बंधनाला पूरक आहे, पर्याय नव्हे. 'कॅस्केड' हा एक शब्द लिहिण्यास क्षणही लागत नाही. परंतु बॅकअप नसेल, तर त्यामुळे नष्ट झालेली गुणपत्रके परत मिळत नाहीत. म्हणून प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांकडून केवळ आज्ञावली न घेता, निवडलेल्या पर्यायामागील कारणही लिहून घेणे उचित ठरेल.