वरोऱ्याचा चित्रपटवेडा वकील

ग्रेटा गार्बो आणि वरोरा ही दोन नावे कधी एका वाक्यात येतील, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. एक स्वीडनमध्ये जन्मलेली, हॉलिवूडच्या पडद्यावर तळपलेली अभिनेत्री. दुसरे चंद्रपूर जिल्ह्यातील, कापसाच्या बाजाराचे एक गाव. तरीही या दोन नावांना जोडणारा एक माणूस होऊन गेला. वरोऱ्यात वकिली करणारा, उंची मोटारीतून फिरणारा आणि चित्रपटांवर जीव टाकणारा हा जहागीरदारपुत्र म्हणजे मुरलीधर देविदास आमटे. पुढे सारा देश त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखू लागला.

बाबांचे सेवाकार्य सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या तारुण्यातील चित्रपटप्रेमाचा उल्लेख मात्र चरित्रांत चार-दोन ओळींत येतो आणि वाचकही तो हसून सोडून देतो. तो इतक्या सहज सोडून देण्याजोगा नाही.

२६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा जन्म झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. म्हणजे भारतीय चित्रपट आणि हे बालक जवळजवळ बरोबरीनेच वाढले. घरी जमीनजुमला होता, वडील सरकारी अधिकारी होते, वरोऱ्याजवळ गोरजा येथे शेती होती. चौदाव्या वर्षी मुलाच्या हाती स्वतःची बंदूक आली. पुढे सिंगर कंपनीची स्पोर्ट्स मोटार आली आणि तिच्या आसनांवर बिबट्याच्या कातड्याची आच्छादने चढली. नागपूरला शिक्षण चालू असताना या हौशी तरुणाला चित्रपटांचा छंद जडला.

तो काळच पडद्याच्या स्थित्यंतराचा होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आला. तरीही प्रतिष्ठित घरांत चित्रपटाला पूर्ण मान्यता नव्हती. देवादिकांचे आणि संतांचे चित्रपट तेवढे वडीलधाऱ्यांना चालत. १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पाहायला तर सारे घर निघे. इंग्रजी चित्रपट पाहणारा मुलगा मात्र घरच्यांच्या दृष्टीने काहीसा वाया गेलेलाच असे.

तरुण मुरलीधरांची आवड नेमकी तिकडचीच होती. आणि ती केवळ तिकीट काढून तीन तास करमणूक करून घेण्यापुरती नव्हती. ‘द पिक्चरगोअर’ या इंग्लंडमधून निघणाऱ्या चित्रपट-नियतकालिकासाठी ते परीक्षणे लिहीत. परीक्षण लिहायचे, तर चित्रपट निराळ्या डोळ्यांनी पाहावा लागतो. कथेत वाहून जात असतानाच नट कोठे थांबला, प्रकाश कोठून आला, न बोलता काय सांगितले गेले, हे टिपावे लागते. दुसऱ्याचा चेहरा लक्षपूर्वक वाचण्याची सवय अशा पाहण्यातून लागते.

त्यांच्या आवडत्या अभिनेत्री दोन, ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर. दोघींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. विदर्भातून अमेरिकेला पत्र पोहोचायला तेव्हा आठवडे लागत. तशा काळात एका भारतीय विद्यार्थ्याने जगप्रसिद्ध तारकांना लिहावे आणि त्यातून ओळख जुळावी, यात त्याचे धाडस दिसते, तसेच गुणग्राहकताही दिसते.

त्या दोघींचे वेगळेपण आजच्या पिढीला सांगावे लागेल. मूकपटांतील अनेक तारे बोलपट येताच मावळले. गार्बो मात्र १९३० सालच्या ‘अ‍ॅना ख्रिस्ती’मध्ये प्रथम बोलल्या आणि त्यांची कीर्ती वाढली. १९३३ सालच्या ‘क्वीन क्रिस्टिना’मध्ये त्यांनी सिंहासनाचा त्याग करणारी स्वीडनची राणी साकारली. त्याच्या शेवटच्या दृश्यात राणी जहाजाच्या टोकाशी उभी राहते, कॅमेरा हळूहळू जवळ येतो आणि सारा पडदा त्या एका निश्चल चेहऱ्याने भरून जातो. मनात कोणताच विचार आणू नये, अशी सूचना दिग्दर्शक रूबेन मामूलियन यांनी त्यांना दिली होती. शिअरर यांना ‘द डिव्होर्सी’साठी ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, ‘मारी आंत्वानेत’ अशा भूमिकांनी त्यांचे नाव जगभर झाले.

योगायोग असा की, दोघींनीही ऐन कीर्तीच्या काळात पडद्याकडे पाठ फिरवली. गार्बो यांचा शेवटचा चित्रपट १९४१ सालचा. तेव्हा त्यांनी वयाची छत्तिशी नुकतीच गाठली होती. शिअरर यांचा शेवटचा चित्रपट १९४२ सालचा. त्याच सुमारास वरोऱ्यातील त्यांच्या या चाहत्याचेही ऐश्वर्यातून मन उडत चालले होते.

कायद्याची पदवी घेऊन मुरलीधरांनी वकिली सुरू केली होती आणि १९४२ च्या आंदोलनात पकडल्या गेलेल्यांचे वकीलपत्र घेतले होते. वरोरा नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी काही महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. अशाच दिवसांत एका पावसाळी रात्री घरी परतताना त्यांना रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला. त्याचे नाव तुळशीराम. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडली होती, अंगातील जखमांत किडे पडले होते. ते दृश्य पाहताच मुरलीधर भीतीने तेथून दूर पळाले.

जगातील सर्वांत देखणे समजले जाणारे चेहरे ज्याने आवडीने न्याहाळले, त्याला या एका चेहऱ्याकडे पाहवले नाही. वाघाची शिकार करायला न भिणारा आणि इंग्रज अधिकाऱ्यांपुढे न झुकणारा आपण, एका मरणासन्न माणसाला पाहून पळालो, ही बोच त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत फिरले. तुळशीरामला आडोसा करून दिला, खाऊ घातले, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. पण ज्या भीतीने आपल्याला पळवले, तिच्याशीच आयुष्यभर सामना करायचा, हा निश्चय त्या प्रसंगाने दिला. या निश्चयात १९४६ पासून साधनाताई सहधर्मचारिणी म्हणून उभ्या राहिल्या.

कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन बाबा परतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ साली विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. व्यापारी घरांत कोणत्याही उद्योगाचे मोल प्रथम भांडवलावरून मोजले जाते. आनंदवनाचे भांडवल होते सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि रोख १४ रुपये. जागा म्हणजे सरकारकडून मिळालेली खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन. तिथे विहीर खोदण्यापासून सुरुवात झाली. ज्यांना समाजाने हात झडलेले म्हणून टाकले, त्यांनीच शेती उभी केली, माग चालवले, घरे बांधली.

अशा वेळी ते जुने चित्रपटवेड अनपेक्षितपणे फळाला आले. नॉर्मा शिअरर या बाबांच्या पहिल्या परदेशी स्नेह्यांपैकी एक होत्या आणि कुष्ठसेवेचा आरंभ झाला तेव्हा त्यांनी साहाय्याचा हात पुढे केला. एकेकाळी चित्रपटातील भूमिकांविषयी लिहिणाऱ्या तरुणाच्या शब्दांत खोटेपणा नसावा, म्हणूनच पुढे त्याने वरोऱ्याच्या माळरानाविषयी लिहिलेलेही त्यांना खरे वाटले असावे. ज्याला घरचे लोक ‘नाद’ म्हणत, त्यातून जोडलेला एक स्नेह गरजेच्या वेळी कामी आला.

बाबांनी मोटार सोडली, शिकार सोडली, वकिली सोडली. कलेवरचा लोभ मात्र सोडला नाही. ते कविता लिहीत. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा, ‘गुळाचा गणपती’ हा चित्रपट कथेपासून संगीतापर्यंत एकहाती उभा करणारा रसिक कलावंत आनंदवनाचा जिव्हाळ्याचा मित्र झाला. पुढे डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. ज्यांच्याकडे पाहणे लोक टाळत, ती माणसे मंचावर प्रकाशझोतात उभी राहिली आणि प्रेक्षक तिकीट काढून त्यांना पाहू लागले.

पाठीच्या कण्याच्या विकाराने उत्तरायुष्यात बाबांना बसणे अशक्य झाले. ते उभे राहू शकत किंवा आडवे पडू शकत. ज्याने तरुणपणी चित्रपटगृहातील खुर्ची इतक्या आवडीने अडवली होती, त्याला साध्या खुर्चीचेही सुख उरले नाही. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांनी देह ठेवला. २०१४ साली समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रिअल हीरो’ हा चित्रपट आला. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्यात बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी यांच्या भूमिका केल्या. पडद्यावर मन जडवणाऱ्या माणसाच्या घराण्याचीच कथा अशा रीतीने पडद्यावर आली.

व्यापारी कुटुंबांत आजही मुलांच्या चित्रपटवेडाची काळजी केली जाते. वेळ आणि पैसा जातो, हे खरेच आहे, आणि हिशेब ठेवणाऱ्या घरात ते खटकणारच. पण मुलगा चित्रपट पाहून परतला की त्याला तिकिटाचा दर विचारण्याबरोबरच, तू काय पाहिलेस आणि त्यातले तुला काय आवडले, हेही विचारावे. तो कोणाच्या दुःखाने हेलावून आला असेल, तर ते तीन तास खर्चाच्या बाजूला मांडण्याची घाई करू नये. वरोऱ्याच्या त्या वकिलाच्या खात्यात असे कितीतरी तास होते आणि त्यांची जमा फार उशिरा दिसली.