जस्त, हवा आणि सोलापूरचा उन्हाळा

कानामागच्या मशीनमध्ये बसतो तो १३ नंबरचा सेल हातात घेऊन पाहा. रुंदी ७.९ मिलिमीटर, उंची ५.४ मिलिमीटर, वजन एक ग्रॅमच्याही आत. सपाट बाजूला नारिंगी स्टिकर. तो नखानं सोलला की खाली सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला सेल फुटका निघाला असंच वाटेल. पण ती भोकं मुद्दाम पाडलेली असतात आणि चालू सेलची भोकं बुजवली तर थोड्याच वेळात मशीन बंद पडतं.

हा झिंक-एअर सेल, जस्त आणि हवा यांच्यावर चालणारा. कुठल्याही सेलमध्ये एक पदार्थ इलेक्ट्रॉन देणारा लागतो, दुसरा घेणारा. मनगटी घड्याळाच्या सेलमध्ये दोन्ही आतच भरलेले असतात, त्यामुळे त्या चिमुकल्या डबीतली बरीच जागा घेणाऱ्यालाच द्यावी लागते. इथे देणारं जस्त तेवढं आत, आणि घेणारा ऑक्सिजन बाहेर मोकळा, फुकट. म्हणून डबीत जवळजवळ सगळं जस्तच ठासता येतं. एक ग्रॅम जस्तातून हिशेबानं ८२० मिलिअँपिअर-तास वीज निघते. १३ नंबरच्या सेलची क्षमता ३०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे काम करतं ते जेमतेम ०.३७ ग्रॅम जस्त. तेवढ्या जस्ताचं ऑक्साइड व्हायला किती हवा लागेल याचं गणित मांडलं, तर उत्तर येतं साधारण एक-तृतीयांश लिटर. दोन आठवडे माणसाला ऐकू यावं म्हणून एवढी हवा त्या भोकांतून आत जाते. बाहेरचा ऑक्सिजन जस्ताला चिकटत जातो, त्यामुळे कागदावर तरी वापरलेला सेल नव्या सेलपेक्षा जड भरायला हवा.

सोलापुरात या सेलची चौकशी करायला कारण आहे. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी आल्या, आणि सगळ्या बंदही पडल्या. यंत्रमाग मात्र राहिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी इथल्या पेठांमध्ये माग धरला, चादर आणि टेरी टॉवेलनं गावाचं नाव केलं, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मागावर पिकर धोट्याला तडाखा मारतो, धोटा पलीकडं आपटतो, तिथून पुन्हा तडाखा. मिनिटाला शंभरावर वेळा, आणि एका शेडमध्ये असे अनेक माग. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढं जातो, हे देशात ठिकठिकाणी झालेल्या मोजण्यांत आलेलं आहे. नियम सांगतो, ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन. आणि यंत्रमागावर पाळी बारा तासांची असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने कायद्यानं कळवण्यायोग्य आजारांच्या यादीत घातला, पण घराला लागून चार-सहा माग टाकलेल्या शेडपर्यंत तो कायदा पोचतच नाही. तिथं कळवणार कोण आणि कुणाला?

या बहिरेपणाची चाल कपटी असते. आधी जातात ४००० हर्ट्‌झच्या आसपासचे उंच स्वर. स, श, फ, त ही व्यंजनं ओळखायला जे लागतं, नेमकं तेच. खालचे स्वर शाबूत राहतात, त्यामुळे माणसाला आपण बहिरे झालो असं वाटतच नाही. घरात संवाद होतो तो असा:

“मामा, ऐकू येतंय ना?”

“येतंय की. बोललेलं कळंना, एवढंच.”

त्या हरवलेल्या उंच स्वरांपुरता आवाज वाढवून देणं हे श्रवणयंत्राचं काम, आणि त्याला साधारण एक-दोन मिलिअँपिअर वीज सतत लागते. झिंक-एअरचा व्होल्टेज १.४ पासून सुरू होतो, वापरात १.२५-१.३ च्या आसपास ठरतो आणि अखेरपर्यंत फारसा हलत नाही. शेवटी मात्र एकदम कोसळतो. मशीन टूंटूं वाजलं की फार वेळ हातात नसतो, म्हणून अनुभवी माणसं खिशात एक सेल जास्तीचा ठेवतात.

आता पुन्हा भोकाकडं. भोक मोठं ठेवलं तर ऑक्सिजन भराभर येतो आणि जास्त करंट मिळतो. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी वापरायचे ६७५ नंबरचे खास सेल असेच बनवतात, कारण त्या यंत्राची भूक मोठी असते. पण ज्या वाटेनं ऑक्सिजन येतो, त्याच वाटेनं पाण्याची वाफ जाते आणि येते. सेलच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीसेक टक्क्यांचं दाट द्रावण असतं. बाहेरची आर्द्रता साठ टक्क्यांच्या जवळपास असेल, तर आतलं-बाहेरचं गणित जुळतं. हवा त्याहून कोरडी असली की द्रावणातलं पाणी उडत जातं, दमट असली की सेल पाणी ओढतो, फुगतो, कधी गळतो. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून द्रावणाचं हळूहळू कार्बोनेट करत राहतो. म्हणजे स्टिकर काढला त्या क्षणापासून, मशीन चालू असो वा बंद, सेलचं वय मोजायला सुरुवात होते.

एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशी ओलांडतं आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. या कोरड्या हवेचा त्रास मागवाल्याला वेगळा सांगायला नको. सूत कोरडं पडलं की धागा तुटतो. म्हणून तर गिरण्यांमध्ये हवा ओलसर ठेवण्याची यंत्रणा असायची. जी हवा धागा तोडते, तीच सेलचं पाणी पिते. रोज थोडा वेळच मशीन लावणाऱ्याला याचा फटका जास्त बसतो. दिवसभर लावणाऱ्याचा सेल सुकण्याआधी जस्त संपवून मोकळा होतो. अधूनमधून लावणाऱ्याच्या सेलमध्ये जस्त शिल्लक राहतं आणि पाणी संपतं. ‘काटकसरीनं वापरला तरी लवकर गेला’ या तक्रारीचं मूळ इथं आहे. दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला असेलच असं नाही.

यावर घरगुती उपाय बरेच चालतात. रात्री स्टिकर परत लावून फारसं काही साधत नाही. फ्रिजमध्ये ठेवणं तर वाईटच, कारण बाहेर काढल्यावर सेलवर दव धरतं. पावसाळ्यात घामेजलेलं मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवतात ते बरोबर, पण आधी सेल बाहेर काढायचा, नाहीतर डबी त्याचंही पाणी ओढून घेते. एक उपाय मात्र खरंच कामाचा आहे. स्टिकर काढल्यावर सेल लगेच मशीनमध्ये न कोंबता पाच मिनिटं उघडा ठेवायचा. आत पुरेसा ऑक्सिजन पोचतो आणि व्होल्टेज पूर्ण चढतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात स्वतः श्रवणयंत्र वापरणाऱ्या एका शाळकरी मुलानं विज्ञान प्रदर्शनासाठी हे तपासलं आणि तेव्हापासून हा पाच मिनिटांचा नियम जगभर सांगितला जातो. आणखी एक, बटण सेल कधीही गोळ्यांच्या डबीजवळ ठेवू नयेत. ब्लडप्रेशरची गोळी समजून म्हाताऱ्या माणसांनी सेल गिळल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. नातवंडांपासून दूर ठेवायचे, हे तर आहेच.

असा सेल बनतो कसा? वितळलेल्या जस्ताच्या धारेवर जोराची हवा मारून त्याची पूड करतात. शुद्ध जस्त त्या द्रावणात नुसतं पडून राहिलं तरी हायड्रोजन सोडतं आणि डबी फुगते. पूर्वी हे थोपवायला पाऱ्याचा अंश घालायचे. आता इंडियम, बिस्मथसारख्या धातूंचा. युरोपीय संघानं ऑक्टोबर २०१५ पासून बटण सेलमधल्या पाऱ्यावर बंदी घातली आणि पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातली झिंक-एअरची सवलत काढण्यासाठी २०२५ साल ठरलं. पूड जेलमध्ये कालवून वरच्या वाटीत मोजून सोडतात. ती वाटी तीन धातूंच्या एकजीव पत्र्याची असते, बाहेर निकेल, मध्ये स्टील, आत तांबं. जस्ताला फक्त तांब्यानं स्पर्श करायचा. स्टील उघडं पडलं, किंवा लोखंडाचा बारीक कण जेलमध्ये गेला, की तिथं वायू सुटायला लागतो. लेथच्या शेजारी बसून करायचं हे काम नव्हे.

वाटी काठोकाठ भरायची नाही, हा यातला महत्त्वाचा नियम. जस्ताचं ऑक्साइड झालं की ते दीडपटीहून जास्त जागा मागतं. ती आधीच सोडली नाही तर सेल आयुष्याच्या मध्यावर फुगून मशीनच्या दारात अडकतो. किती जस्त घालायचं आणि किती जागा रिकामी सोडायची, यावर प्रत्येक कंपनीचं आपापलं गणित चालतं.

खालच्या वाटीत खरी कारागिरी. भोकांवर आधी हवा सारखी पसरवणारा कागद, त्यावर टेफ्लॉनचा पडदा, जो हवा आत सोडतो पण द्रावण बाहेर येऊ देत नाही. मग निकेलच्या जाळीवर दाबलेली कार्बन, मँगनीज ऑक्साइड आणि टेफ्लॉनची पातळ चकती. ऑक्सिजन पाण्याला भेटतो तो इथं, आणि मँगनीज ऑक्साइड ती भेट लवकर घडवून आणतं. शेवटी विभाजक पडदा. दोन वाट्यांमध्ये नायलॉनचं कडं बसवून प्रेसमध्ये खालच्या वाटीची कड वर दुमडतात. पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड, आणि आतलं क्षारीय द्रावण धातूवरून सरपटत बाहेर यायला टपलेलं. दुमडणीत केसभर फट राहिली तरी महिन्याभरात काठावर पांढरी भुकटी दिसते. नंतर स्टिकर लावतात, आणि त्यातही गोम आहे. तो पूर्ण हवाबंद नसतो, अगदी किंचित ऑक्सिजन आत झिरपेल असा डिंक निवडतात. सेल काही आठवडे ठेवून पुन्हा तपासतात, आणि मग तो पाकिटात जातो. स्टिकर जागच्या जागी असेल, तर तीन-चार वर्षं टिकतो.

ही कल्पना जुनी. १९३२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कार्बन कंपनीत हाइझ आणि शूमाकर यांनी झिंक-एअरच्या मोठ्या बॅटऱ्या बनवल्या. त्या रेल्वेच्या सिग्नलसाठी आणि समुद्रातल्या दिशादर्शक दिव्यांसाठी वापरात आल्या. अंतराळ कार्यक्रमाच्या काळात फ्युएल सेलवर काम झालं, त्यातून पातळ चकत्या हाती आल्या, आणि सत्तरच्या दशकात हा सेल कानात बसण्याइतका लहान झाला. आज पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात बहुतेक वेळा जर्मनी, ब्रिटन, अमेरिका किंवा चीनचं नाव असतं.

आपल्याकडं नाही काय? जस्त आहे. राजस्थानातल्या झावरला लोक शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्त ऊर्ध्वपातनानं काढत होते, युरोपला ती विद्या यायच्या आधी. संशोधनही आहे. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटानं प्लॅटिनमशिवाय ऑक्सिजनची क्रिया घडवणाऱ्या उत्प्रेरकांवर आणि झिंक-एअर बॅटऱ्यांवर बरंच काम केलं आहे. मायक्रॉनचं काम करणारे हातही आहेत. अक्कलकोट रोडवर १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स मोटारींचे भाग परदेशी पाठवते. अडतं ते संख्येवर. सहा सेलचं पाकीट दोनशे रुपयांच्या पुढंमागं विकायचं, तर मिनिटाला शेकडो सेल जुळवणारी खास यंत्रं हवीत आणि ती वर्षभर चालती ठेवायची, एवढी मागणी हवी. महागड्या श्रवणयंत्रांमध्ये चार्जिंगची लिथियम बॅटरी आली असताना नव्या कारखान्यात कोण पैसे घालेल, हा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘सोलापुरात बटण सेलचा कारखाना’ हे वाक्य मला भाषणात ऐकायला आवडेल, बँकेच्या प्रस्तावात कमी.

पण रचनेचा प्रश्न कारखान्याहून वेगळा आहे, आणि तो कुणीही हाती घेऊ शकतो. बर्लिनला, रत्नागिरीला आणि सोलापूरला विकला जाणारा १३ नंबरचा सेल भोकांसकट एकच असतो. उलट फोनवरचं गाणं थेट कानात ऐकवणाऱ्या नव्या मशीनना जास्त करंट लागतो, म्हणून उत्पादकांचा कल हवेची वाट रुंद करण्याकडे आहे. साखर पेठेतल्या निवृत्त मागवाल्याच्या साध्या मशीनला तेवढा करंट कधीच लागत नाही. त्याच्यासाठी भोक लहान केलं, तर एक-दोन मिलिअँपिअरपुरता ऑक्सिजन येत राहील आणि मे महिन्यात पाणी कमी उडेल. किती लहान करायचं, हे दख्खनच्या कोरड्या हवेत वर्षभर सेल चालवून मोजावं लागेल. त्यासाठी आर्द्रता हवी तेवढी ठेवता येणारी एक पेटी, थोडे विद्युत-भार आणि चिकाटीचे दोन-तीन विद्यार्थी एवढंच लागतं.