जुने पत्ते टाकू नका!

दिवाळीची आवराआवर काढली की माळ्यावरच्या डब्यांतून काय काय निघतं! मोडकी बाहुली, बिनझाकणाचा कंपास आणि मुलांच्या पत्त्यांचे अर्धेमुर्धे संच. “चार पानं हरवलीत, आता काय उपयोग?” असं म्हणून आपण ते सरळ रद्दीत घालतो. पण मैत्रिणींनो, यंदा तसं करण्याआधी ती पानं जरा उजेडात धरून पाहा. आकड्यांकडे नको, चित्रांकडे पाहा.

मी अशी जुनी पानं जमवते. आमच्या चिखल्याला मे महिन्यात पाहुणे आले की दुपारी ओट्यावर डाव पडतोच. जाताना कुणी तरी आपल्या घरचा एखादा जुना संच मला देऊन जातं. अक्षरांचे पत्ते, जोड्या लावायची चित्रं, मोटारी-विमानांची आणि क्रिकेटपटूंची ट्रम्प कार्डं असं बरंच काही जमलं आहे. किमतीनं त्यात फारसं काही नाही. पण घरात कोण मोठं, कोण धाकटं, हे मुलांच्या मनात आपण कसं भरवत आलो, ते या चित्रांत अगदी स्पष्ट दिसतं.

राणी कुठे आहे?

आपल्याकडची सर्वांत देखणी पानं म्हणजे सावंतवाडीची गंजिफा. गोल, हातानं रंगवलेली, वर लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगाची बारा पानं, म्हणजे एकूण १२०. दिवसा खेळलं तर रामाच्या रंगानं सुरुवात, रात्री खेळलं तर कृष्णाच्या! पण या १२० पानांत राणी नाही बरं का. राजा आणि प्रधान, संपलं. गंमत म्हणजे हीच कला बुडायला आली तेव्हा तिला हात दिला तो एका राणीनं. सावंतवाडीच्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पती शिवरामराजे यांच्यासह १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कारागिरांना बसवलं, आणि स्वतःही ही कला शिकल्या.

साहेबाच्या देशातली तऱ्हा वेगळी. तिथं १८५१ च्या सुमारास ‘हॅपी फॅमिलीज’ नावाचा मुलांचा खेळ निघाला. तेरा कुटुंबं आणि प्रत्येकात आई, वडील, मुलगा, मुलगी. चित्रं मोठी मजेदार आहेत. पण मजकूर वाचा. वडिलांच्या पानावर ‘मिस्टर बन, बेकर’ आणि आईच्या पानावर? ‘मिसेस बन, बेकरची बायको’! पहाटे उठून पीठ कुणी मळलं असेल, ते आपण काय सांगायला हवं?

आपला ‘गुलामचोर’ घ्या. एक गुलाम काढून ठेवायचा, जोड्या लावत जायचं आणि शेवटी ज्याच्या हातात एकटा गुलाम उरेल तो चोर. इंग्रज मुलं हाच खेळ राणीवर खेळतात. उरलेली एकटी राणी म्हणजे लग्नावाचून राहिलेली बाई, आणि ती ज्याच्या हाती आली तो हरला! आपण गरीब नोकराला चोर ठरवलं, त्यांनी एकट्या बाईला हसून घेतलं. खेळताना हे कुणाच्या ध्यानीही येत नाही, आणि म्हणूनच ते मनात खोल बसतं.

अशी पानं फेकायची नाहीत. मुलांना जवळ बसवून विचारायचं, “यात कोण दिसतं? आणि कोण दिसत नाही?”

जपणूक अशी करा

रबरबँड मुळीच लावू नका. उन्हाळ्यात तो वितळून पानांना चिकटतो. सुती नाडीनं सैल बांधा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी नको, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. दमट पानं उन्हात टाकलीत तर रंग उडतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच पत्र्याच्या डब्यात ठेवा. आम्हां समुद्राकाठच्या बायकांना तर पावसाळ्यात दोन-तीनदा डबा उघडून कसर लागली नाही ना, ते पाहावंच लागतं. लाखेच्या पानांना ओलं फडकं लावू नका. संच कुणाचा, कुठल्या सालचा, हे चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून आत ठेवा. हरवलेलं पान नवं करा, पण मागे ‘नवीन’ असं लिहायला विसरू नका. खेळायला झेरॉक्स द्यावी, मूळ पान जपावं.

आता आपले पत्ते

आमच्या गावापासून कोसबाडची टेकडी लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. महागडी खेळणी न आणता शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून त्यांनी मुलांना शिकवलं. तोच धडा गिरवून मी शाळेत अर्ध्या वेळच्या माझ्या तासांना जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून पत्ते करवून घेतले. विकतच्या अक्षरपत्त्यांत ‘ऐ’ला ऐरण होती, ती वर्गात कुणी पाहिलेली नव्हती. मुलांनी खेकडा, ताडगोळे, जाळं, होडी काढली. मग ‘कुटुंबा’चे पत्ते झाले. एका मुलीनं आईच्या पानावर चिकूनं भरलेली पाटी काढली आणि खाली आईचं स्वतःचं नाव लिहिलं. कुणाची बायको, कुणाची आई, असं काही नाही. नुसतं नाव.

या सुट्टीत तुम्हीही घरी एक संच करून पाहा. लग्नपत्रिकांचे जाड कागद हवे तेवढे सापडतील. बाबांच्या, आजीच्या, काकूच्या पानावर काय काढायचं ते मुलांनाच ठरवू दे. आणि आईच्या पानावर काय येतं, ते मात्र मध्ये न बोलता पाहा. स्वयंपाकाची चूल आली, तर रागावू नका. आपल्याला दुसरं काय काय येतं, ते त्यांना अजून दिसलेलं नाही, एवढंच समजा. आणि उद्यापासून दिसू द्या!