औषधशाळेतील सेंद्रिय रेणू : पिष्ट, मध, स्नेह आणि प्रथिने

गुडूचीसत्त्वावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकला की ते निळेकाळे होते. तेवढ्यावरून 'यात पिष्ट मिसळले आहे' असा निष्कर्ष काढून माल परत पाठविल्याचे प्रकार अधूनमधून आमच्या कानावर येतात. वस्तुतः गुडूचीसत्त्व हे बहुतांशी पिष्टच होय. ताजी गुळवेल ठेचून, पाण्यात कुस्करून व गाळून ठेवली असता तळाशी जो पांढरा साका बसतो, तो वनस्पतीने आपल्या खोडात केलेला पिष्टाचा साठा असतो. कडू द्रव्यांचा बराचसा भाग वरच्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे ही चाचणी शुद्ध सत्त्वाला दोषी ठरविते, आणि बटाट्याचे पिष्ट मिसळलेल्या सत्त्वालाही तेच उत्तर देते. द्रव्याची घटना ठाऊक नसेल तर चाचणी हाती असूनही निर्णय चुकतो. म्हणून सजीवांच्या घटक रेणूंची थोडी उजळणी येथे करीत आहोत.

मानवी शरीराच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ६५ टक्के, कार्बन १८, हायड्रोजन १० व नायट्रोजन ३ टक्के असतो. यांपैकी कार्बनच्या अणूला चार हात आहेत, व त्या हातांनी तो स्वतःच्याच भाऊबंदांशी लांबलचक साखळ्या जोडतो. सेंद्रिय रेणूंचे सारे वैविध्य त्यातून येते. असे रेणू केवळ जिवंत शरीरातच घडतात ही समजूत १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केल्यावर ढासळू लागली. येथे एक सूचना करावीशी वाटते. कार्बन म्हणजे पृथ्वी, हायड्रोजन म्हणजे आप, अशी जुळवाजुळव काही व्याख्यानांतून केली जाते. पंचमहाभूते ही गुणांवरून ओळखावयाची आहेत, मूलद्रव्ये अणूंवरून. दोहोंची खिचडी केल्याने कोणत्याच शास्त्राचा मान वाढत नाही. मेदोधातू म्हणजे केवळ चरबी, हे समीकरणही त्याच जातीचे.

कर्बोदकांचा मूळ घटक म्हणजे शर्करा. ग्लुकोजचे रेणू एका विशिष्ट जोडणीने गुंफले की पिष्ट बनते, व त्याच ग्लुकोजची जोडणी बदलली की काष्ठतंतू, म्हणजे सेल्युलोज. पहिले आपल्याला पचते, दुसरे पचत नाही. सर्व पिष्टांचा रेणू जवळपास एकच असला तरी प्रत्येक वनस्पतीतील कणांचा आकार वेगळा असतो, आणि गुडूचीसत्त्वाची खरी परीक्षा तेथेच होते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गुळवेलीचे कण बारीक व वाटोळसर दिसतात. बटाट्याचे कण त्यांच्या कितीतरी पट मोठे, शिंपल्यासारखे आणि एका टोकाकडे सरकलेल्या केंद्राचे असतात. एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा फसगत होत नाही. औषधशाळेत एक सूक्ष्मदर्शक असणे ही आम्ही चैन मानीत नाही.

मधाच्या बाबतीत गैरसमज आणखी मोठा आहे. मधात फ्रुक्टोज व ग्लुकोज या दोन शर्करा मिळून सुमारे ७० टक्के असतात. थंडीत ग्लुकोजचे कण वेगळे होऊन मध खाली बसतो. 'साखर घातली होती, ती तळाशी आली' असे समजून ग्राहक बरणी परत आणतो. मध थिजणे हा भेसळीचा पुरावा नव्हे, आणि न थिजणे हा शुद्धतेचाही नव्हे. मध तापविला मात्र, तर फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल हे द्रव्य वाढत जाते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम असून उष्ण प्रदेशांतील मधासाठी ती ८० आहे. उष्ण मधाचा निषेध ग्रंथकारांनी वेगळ्या विचाराने केला. त्याचे संपूर्ण कारण या एका रेणूत सापडले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अवलेह पूर्ण थंड झाल्यावरच मध घालावा, हा दंडक मोडणाऱ्याचा माल आज प्रयोगशाळेतही अडकू शकतो.

स्नेहाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. तुपात ब्युटिरिक हे केवळ चार कार्बनांचे मेदाम्ल असते. ओलाव्यामुळे ते सुटे झाले की तुपाला खवट वास येतो. दुसरा बिघाड हवेतील ऑक्सिजनमुळे होतो. उजेड, उष्णता आणि तांबे-लोखंडाचा स्पर्श त्याला वेग देतात. म्हणून सिद्ध घृत बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात साठवून ठेवू नये. तिळतेलात त्याला आवर घालणारी द्रव्ये निसर्गतःच असतात, त्यामुळे ते तुलनेने टिकते.

या दृष्टीने स्नेहपाकाची जुनी परीक्षा पाहण्यासारखी आहे. कल्काची वात अग्नीवर धरली असता तडतडू नये, असे शास्त्र सांगते. ती तडतड म्हणजे अडकलेल्या पाण्याची वाफ होय. ओलावा शिल्लक राहिला तर घृत खवटणार, बुरशीही धरणार. शार्ङ्गधराने चूर्णाला दोन महिने, तर गुटी व अवलेहाला वर्षभराची मुदत दिली आणि आसव मात्र जुने चांगले म्हटले, त्यामागेही पाणी, हवा आणि पृष्ठभाग यांचा हिशेब दिसतो. चूर्णाचा प्रत्येक कण हवेला उघडा असतो.

प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असून त्यांचे काम त्यांच्या घडीवर अवलंबून असते. उष्णतेने घडी मोडली की काम थांबते. अंड्याचा बलक शिजला की पुन्हा पातळ होत नाही. किण्वातील विकरे हीसुद्धा प्रथिनेच. १८९७ मध्ये बुखनर यांनी किण्वपेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखरेचे मद्य होते, हे दाखविले. गुळातील साखर आधी फोडणारी व मग तिचे मद्य करणारी ही विकरे उकळत्या क्वाथात टिकत नाहीत. धायटीची फुले गरम क्वाथात टाकली, तर त्यांच्यावरचे किण्वही मरते आणि संधान लागत नाही. कोमट नव्हे, थंड झालेल्या क्वाथातच ती घालावीत, आणि पावसाळ्यात पात्राला धान्यराशीची ऊब द्यावी.

न्यूक्लिक आम्लांविषयी थोडक्यात. डीएनएवरून वनस्पतीची ओळख पटविण्याची सोय आता झाली असून कच्च्या मालासाठी ती उपयुक्त आहे. दीर्घकाळ उकळलेल्या क्वाथात मात्र हे रेणू तुटून जातात, आणि भस्मात तर ते उरतच नाहीत. अशा कल्पांसाठी कोणी डीएनए अहवालाचा आग्रह धरला, तर त्याऐवजी मूळ काष्ठौषधीचा अहवाल दाखवावा, आणि त्यासाठी प्रत्येक पाकापूर्वी कच्च्या मालाचा नमुना बाजूला काढून ठेवावा.