जुन्या मोटारीची घरच्या घरीं निगा

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, आर्णी, जि. यवतमाळ)

आपल्या वऱ्हाडांत बंडीच्या आंसाला वंगण घालण्यास कोणीं सुतार बोलावल्याचें ऐकिवांत नाहीं. चाकाचा आरा फुटला किंवा धांव सैल झाली तर सुतार-लोहाराचें घर गांठावें. परंतु वंगण, दोर व जूं यांची देखरेख धन्यानें स्वतः करावी, असा शिरस्ता होता. घरचें काम कोणतें व कारागिराचें कोणतें, ही वांटणी प्रत्येक शेतकऱ्यास तोंडपाठ असे. आज पुष्कळांच्या दारीं बंडीच्या जागीं मोटार उभी आहे. ती वांटणी मात्र मागेंच राहिली. कोणी बोनेट उघडण्यासहि भितो, तर कोणी नको त्या भागास हात घालून बसतो. हे दोन्ही दोष प्रस्तुत लेखकाच्या अंगीं होते. म्हणूनच अनुभवाच्या चार गोष्टी शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहे.

माझ्याजवळ १९९९ सालची मारुती ८०० आहे. २००८ सालीं ती मीं जुनी म्हणूनच विकत घेतली. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरांत दिल्लीस गिऱ्हाइकाच्या हातीं पडली, आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. तीन सिलिंडरांचें, ७९६ घन सेंटिमीटरांचें तिचें एंजिन अगदीं साधें आहे. माझ्या गाडीस कार्बोरेटर असल्यानें पुष्कळसे बिघाड संगणकावांचून, केवळ डोळे, कान व नाक यांच्या साह्यानें ओळखतां येतात. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९०८ पासून १९२७ पर्यंत मॉडेल टी नांवाच्या दीड कोटीहून अधिक गाड्या तयार केल्या. त्यांतील पुष्कळशा शेतकऱ्यांनीं घेतल्या व घरच्याच पान्यांनीं चालत्या ठेवल्या. यंत्र साधें असलें म्हणजे धन्यास शिकण्यास वाव राहतो.

कायद्यानें खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते; पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून ती नवी करून घ्यावी लागते. माझी गाडी २०१४, २०१९ व २०२४ या सालीं यवतमाळच्या परिवहन कार्यालयांत तपासणीस उभी राहिली आणि तिन्ही वेळां उतरली. याचें श्रेय पान्यापेक्षां एका वहीस अधिक आहे.

माझा जन्म दप्तरांत गेला. सातबारा न पाहतां जमीन घेणें व वही न ठेवतां जुनी मोटार बाळगणें, दोन्ही सारखींच. धनी कोण तें कळतें, पण बोजा किती आहे तें कळत नाहीं. माझ्या वहींत चार रकाने आहेत : तारीख, किलोमीटर, केलेलें काम व खर्च. आठवण सांगते कीं, ऑइल गेल्या दिवाळींत बदललें. वही सांगते कीं, त्यास दोन दिवाळ्या झाल्या. आठवणीवर विसंबूं नये.

आतां घरीं करण्याजोगीं कामें पाहूं.

पहिलें, एंजिन ऑइल. गाडी सपाट जागीं उभी करावी, एंजिन बंद करून थोडा वेळ थांबावें व मग मापाची कांडी पुसून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्यें असावें. तें ताकासारखें पांढुरकें दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजावें आणि गाडी मुळींच सुरू करूं नये. मी पांच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं भरेल त्या वेळीं ऑइल व त्याची जाळी बदलतों. निघालेलें काळें ऑइल विहिरीजवळ वा बांधावर ओतूं नये. डब्यांत भरून जुनें ऑइल घेणाऱ्यास द्यावें.

दुसरें, हवेची जाळी. आपल्या काळ्या मातीच्या पांदणींत उन्हाळ्यांत जी धूळ उडते, तिनें ही जाळी लवकर तुंबते. मग एंजिनास श्वास अपुरा पडतो व पेट्रोल अधिक जळतें. वावरांत नेहमीं जाणाऱ्या गाडीची जाळी दर महिन्यास काढून झटकावी.

तिसरें, प्लग. प्लगचें टोंक बिस्किटाच्या रंगाचें असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल फाजील जात आहे. तेलकट असेल तर एंजिन झिजलें आहे. प्लग बसवितांना प्रथम बोटांनींच फिरवावा, पाना शेवटीं लावावा. नाहींपेक्षां ॲल्युमिनियमच्या हेडांतील आटे जातात व चार आण्यांचें काम चार हजारांवर जातें.

चौथें, बॅटरी व पाणी. बॅटरीच्या टोंकांवर जमणारा पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें धुवावा, टोंकें कोरडीं करून वर व्हॅसलीन लावावें. रेडिएटरचें झांकण एंजिन गरम असतांना कधींहि उघडूं नये; वाफ तोंडावर येते.

पांचवें, रबरी नळ्या. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. उंसापासून व मक्यापासून होणारें हें इथेनॉल शेतकऱ्यास नफ्याचें आहे. परंतु जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठीं केलेल्या नव्हत्या. त्या फुगतात किंवा तडकतात. पेट्रोलचा वास येऊं लागला तर त्याच दिवशीं नळी बदलून घ्यावी. तसेंच तुरीच्या पोत्यांशेजारीं गाडी उभी करूं नये. उंदीर धान्यासाठीं येतात व जातां जातां तारा कुरतडतात.

आतां माझ्या चुकीची हकीकत. २०१६ च्या हिवाळ्यांत मला असें दिसलें कीं, ब्रेकच्या ऑइलची कुपी थोडी रिकामी आहे. घरांत एंजिन ऑइल शिल्लक होतें. ऑइल तें ऑइल, असें समजून मीं तेंच कुपींत ओतलें. वहींत मोठ्या ऐटीनें नोंदहि केली : खर्च शून्य. आठ दिवसांनीं सहकुटुंब माहूरगडास गेलों. जातांना गाडी जड वाटली. मीं लक्ष दिलें नाहीं. रेणुकादेवीचें दर्शन घेऊन उतरूं लागलों, तों जळका वास आला व ब्रेकचा पाय एकाएकीं तळास टेकला. मागें पत्नी व धाकटी मुलगी बसलेली. पहिला गिअर टाकून, हातब्रेक ओढीत, गाडी डोंगराच्या अंगास मातीच्या ढिगाऱ्यांत घातली, तेव्हां ती थांबली. कोणास इजा झाली नाहीं, ही देवीची कृपा. माझी हुशारी नव्हे.

मिस्त्रीनें सर्व उकलून दाखविलें. खनिज तेलानें ब्रेकमधील रबरी वाट्या फुगल्या होत्या. त्यामुळें पाय काढल्यावरहि ब्रेक सुटत नव्हते. चाकें घांसून तापलीं, ब्रेकचें ऑइल उकळलें, त्यांत वाफ झाली. आणि वाफ दाबली जाते, ऑइलाप्रमाणें जोर पुढें पोंचवीत नाहीं. सर्व वाट्या व नळ्या नव्या घालाव्या लागल्या. शिवाय कुपी रिकामी होणें हीच मुळीं सूचना होती, एक तर ब्रेक झिजले होते किंवा कोठें तरी गळत होतें. मीं रोग न पाहतां भांडें तेवढें भरलें.

तेव्हांपासून माझी वांटणी ठरली आहे. जें बिघडलें असतां गाडी फार तर बंद पडते, तें काम घरीं करावें. जें बिघडलें असतां गाडी थांबत नाहीं किंवा वळत नाहीं, तें मिस्त्रीकडे द्यावें. ब्रेक, स्टिअरिंग व टायमिंगचा पट्टा हीं कामें दुसऱ्या वर्गांतील समजावीं. पट्ट्यानें गाडी केवळ बंद पडते हें खरें, परंतु तो एक दांता चुकून बसला तरी एंजिन बिघडतें. तसेंच नुसत्या जॅकच्या आधारावर उभ्या केलेल्या गाडीखालीं कोणींहि शिरूं नये. भक्कम घोडे लावावे व इतर चाकांस मागें-पुढें दगड द्यावे. मिस्त्रीकडे गाडी टाकून घरीं येऊं नये. शेजारीं बसून पाहावें व वहींत लिहावें.

त्या प्रसंगानंतर माझी मुलगी सहा महिने या गाडींत बसली नाहीं. हल्लीं वही तिच्याच हातीं आहे. दर रविवारीं ती प्रथम ब्रेकच्या कुपीची खूण पाहते, आंकडा लिहिते, आणि मगच मला किल्ली देते.