आरेचे गवत मोजताना
ऑगस्टात मुंबईच्या आरे कॉलनीची टेकाडे पाहिली, की इथे कितीही म्हशी पोसता येतील असे वाटते. कुरणाची पाहणी मात्र ऑगस्टाच्या भरवशावर करू नये. ठरावीक मापाच्या चौकटीतले गवत कापून, वाळवून, तोलून हेक्टरी उत्पन्न काढतात. त्यातलेही साधारण निम्मेच चरण्याजोगे धरतात, बाकीचे मुळांसाठी आणि मातीसाठी राखावे लागते. पाचशे किलोची म्हैस दिवसाला दहा-बारा किलो शुष्क चारा खाते आणि आपल्याकडचे रानगवत फुलोऱ्यानंतर राठ, निःसत्त्व होत जाते. म्हणून वजनाइतकाच कापणीचा महिना महत्त्वाचा. उपग्रहाच्या चित्रात हे झटपट कळेल, असे कोणी म्हणेल. हिरवळीचा विस्तार कळतो, हे खरे. पण घाणेरीचे झुडूपही हिरवेच असते, आणि ते खाल्ले तर गुरांना विषबाधा होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. १९४९ साली वसलेल्या या दुग्ध वसाहतीत म्हशी तबेल्यात बांधलेल्या, चाऱ्यासाठी लावलेले पॅरा गवतही कापून गव्हाणीत येणार. मग मोजणी कशाला? कारण पॅरा गवत ओलीवर जगते, ओल सरली की कमी पडते, आणि ते किती जनावरांना पुरते हे ठाऊक असल्याशिवाय उन्हाळ्यात किती पेंढा विकत घ्यायचा, याचा हिशेबच बसत नाही.